माईकपुढे उभा केलेला बाप

"नवीन फ्रॉक कशाला घातलास? आज तुझी साक्ष आहे ना?"

संडे स्कूल चालवणाऱ्या आंटीने मला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि असं विचारलं. मी दहा वर्षांची. फ्रॉक नाताळचा, मोरपंखी, आईने डोंबिवलीच्या बाजारात घासाघीस करून घेतलेला. आंटीचा आवाज गोड होता. कायम गोडच असायचा, तोच तर वैताग. म्हणाली, बाहेरचे पाहुणे आलेत, नव्या कपड्यांत तू तशी दिसत नाहीस. तशी म्हणजे कशी, ते मी विचारलं नाही. तिने संडे स्कूलच्या कपाटातून कुणीतरी दान दिलेला, खांद्यावर उसवलेला फ्रॉक काढला. मी बाथरूममध्ये जाऊन तो घातला. आईने बघितलं आणि मान खाली घातली.

आमच्यात साक्ष देतात. देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर, म्हणजे चर्चच्या सगळ्या लोकांसमोर, उभं राहून सांगायचं. चांगली गोष्ट आहे, मी आजही मानते. पण ठाण्यातल्या आमच्या त्या हॉलमध्ये साक्ष कुणी द्यायची आणि कुणी ऐकायची हे ठरलेलं होतं. घोडबंदर रोडच्या टॉवरमधून गाडीने येणारे ऐकायचे. आम्ही डोंबिवलीच्या एमआयडीसीमागच्या चाळीतून येणारे, आम्ही द्यायचो. हॉल आंटीच्या नवऱ्याचा होता. पास्टरसुद्धा त्यांना विचारूनच गाणं निवडायचे.

आणि माझी साक्ष म्हणजे काय? माझ्या बापाची दारू.

बाबा केमिकल कंपनीत ड्रम चढवायचे-उतरवायचे. प्यायचे. खोटं कशाला बोलू, खूप प्यायचे. भांडी फेकायचे. आईवर एकदा हात उचललेला. एकदाच, आणि तेही वाईटच. पण आंटीने मला शिकवताना त्या एकदाचं 'रोज' केलं. मी म्हटलं, आंटी, रोज नाही. तर हसून म्हणाली, अगं, लोकांना कळायला पाहिजे ना प्रभूने कुठून बाहेर काढलं. मग मी माईकवर म्हणायचे, माझे पप्पा रोज आईला मारायचे. घरी मी त्यांना पप्पा म्हणतसुद्धा नव्हते.

अख्खा हॉल मागे वळून बघायचा. शेवटच्या रांगेत दाराजवळ बाबा बसलेले असायचे, चपलांच्या रॅकपाशी. हात मांडीवर. सगळ्यांनी एकदा बघून घेतलं की आंटी म्हणायची, ब्रदर, उभे राहा. ते उभे राहायचे. टाळ्या.

दर वर्षी हेच. मंडळीचा वर्धापनदिन आला, कन्व्हेन्शनची मोठी सभा आली, कुणी मोठे पाहुणे आले, की आमची वरात निघालीच. मी बारावी झाले, वागळे इस्टेटला पॅकिंगमध्ये लागले, लग्न झालं, आई गेली. साक्ष तीच.

त्या साक्षीत एक वाक्य होतं, ते तर मला अजून डाचतं. पास्टरांनी डोक्यावर हात ठेवला आणि त्या दिवसापासून पप्पांनी थेंबाला हात लावला नाही. साफ खोटं. बाबांना दोन वर्षं लागली. सोडायचे, परत प्यायचे. होळीला पडले, पगाराच्या दिवशी पडले, मामाच्या लग्नात तर सगळ्यांदेखत पडले. हात थरथरायचे, कपातला चहा सांडायचा. तरी रोज सकाळी पाणी यायच्या आधी उठून गुडघ्यावर बसायचे. चौथी शिकलेला माणूस, शास्त्रावर, म्हणजे बायबलवर, बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचायचा. म्हणायचे, देवा, आजचा दिवस. फक्त आजचा. मी अंथरुणात पडून ऐकायचे. असं करत करत दारू सुटली. हॉलमधलं कुणी त्या दोन वर्षांत आमच्या चाळीची पायरी चढलं नव्हतं.

हे एकदा मी आंटीला सांगितलं. हे बोलू का, विचारलं. ती म्हणाली, ते नको, त्याने लोक गोंधळतात.

माझ्या बापाने रोज सकाळी रक्ताचं पाणी करून जे मिळवलं, ते यांनी गाळून टाकलं. त्याची घाण तेवढी ठेवली, दर वर्षी दाखवायला.

मी बाबांना म्हटलं होतं, आपण नाही सांगायचं. तर ते मलाच समजवायचे. देवाच्या कामासाठी आहे बाळा. आपली लाज गेली तर गेली, कुणाचं तरी भलं होईल. आज्ञा पाळावी. ते मनापासून बोलायचे हो. त्यांच्या मनात खोट नव्हती, म्हणून तर मला जास्त राग यायचा. नळावर भांडणाऱ्या शेजारणीसाठीसुद्धा नाव घेऊन प्रार्थना करणारा माणूस. त्याबद्दल माईकवर कधी कुणी विचारलं नाही.

माझे डोळे उघडले ते आंटीच्या मुलामुळे. तो पिऊन गाडी चालवत होता, घोडबंदर रोडला एका स्कूटरवाल्याला उडवलं. स्कूटरवाला वाचला, पण पायाने अधू झाला. त्या रविवारी आंटी आली नाही. पास्टरांनी दरवाजा लावून घेतला आणि हळू आवाजात सांगितलं, एका कुटुंबासाठी गुप्त प्रार्थनेचा विषय आहे, नाव घेऊ नका, बाहेर बोलू नका. आम्ही सगळ्यांनी गुडघे टेकले. मीही टेकले. बाबांनी तर त्या मुलासाठी तीन दिवस उपवास धरला.

आणि गुडघ्यावर असतानाच माझ्या डोक्यात आलं. अरे, ह्याच्या घरातल्या कुठल्या पोरीला कुणी उसवलेला फ्रॉक घालून उभं केलं नाही. ह्याला कुणी म्हणालं नाही, ब्रदर, उभे राहा. त्यांची झाकली मूठ सव्वा लाखाची. आमची दर वर्षी उघडून दाखवायची. दारू तीच, पाप तेच, प्रभूही तोच. मग दरवाजा लावून घ्यायचा मान फक्त त्यांनाच का?

तरी मी गप्प बसले. सवय झाली होती.

मग यंदाचा वर्धापनदिन आला. आंटी आता म्हातारी झालीय, काठी घेऊन चालते, पण आवाज अजून तसाच. मला फोन करून म्हणाली, तू आता सुपरवायझर झालीस, चांगलं बोलतेस, पण लोकांच्या काळजाला लागत नाही गं. या वेळी दुसरं काहीतरी करू. मी म्हटलं, करा. मला वाटलं, सुटले.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये मी खुर्च्या लावत होते. माझी मुलगी रूथ संडे स्कूलच्या खोलीतून आली. आठ वर्षांची आहे. माझा कुर्ता ओढून तिने विचारलं, "मम्मी, आबा दारुडे होते?"

माझ्या हातातली खुर्ची तशीच राहिली. रूथला हे माहीतच नव्हतं. तिचे आबा म्हणजे तिला शाळेत सोडणारे, तिचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेणारे, मटारातले गोड दाणे तिच्यासाठी बाजूला काढणारे. ती जन्मायच्या कितीतरी आधी दारू सुटलेली. आंटीने तिला पाठ करून घेतलं होतं. माझे आबा दारुडे होते, माझ्या आजीला रोज मारायचे.

मी आंटीकडे गेले. म्हटलं, रूथ बोलणार नाही. आंटीने माझ्या गालाला हात लावला. लहान मूल बोललं की डोळ्यांत पाणी येतं, म्हणाली. मी परत म्हटलं, नाही. मग ती गोड आवाजात म्हणाली, "आज्ञाभंग हे पाप आहे. तुझ्या वडिलांना विचार, ते तुला सांगतील."

आणि माईक चालू झाल्यावर तिने काय केलं, तर सरळ मागच्या रांगेकडे बघितलं. ब्रदर, आज तुम्हीच या.

बाबा उठले. अर्थात उठले. त्यांना कुणी बोलावलं आणि ते उठले नाहीत असं झालंच नाही कधी. चालत पुढे गेले, माईक धरला. म्हणाले, प्रभूची स्तुती असो, मी फार वाईट माणूस होतो. आणि समोर पहिल्या रांगेत मुलांमध्ये त्यांना रूथ दिसली. ती त्यांच्याकडे बघून हसली आणि हात हलवला. बाबांचं तोंड उघडं राहिलं. कुणाला तरी वाटलं ते भारावलेत, तो मोठ्याने हालेलुया म्हणाला.

मला पुढे गेल्याचं आठवत नाही. माईक माझ्या हातात होता एवढं खरं. मी म्हटलं, "माझे वडील एका दिवसात सुटले नाहीत. दोन वर्षं रोज सकाळी गुडघ्यावर बसून सुटले. तेव्हा इथलं कुणी नव्हतं, देव होता. बाकीचं आमच्या घरातलं आहे. तुमचं जसं तुमच्या घरात राहतं, तसं आमचं आमच्या घरात राहील."

आंटीकडे बघून तिच्या मुलाचं नाव घेता आलं असतं. जिभेवर आलं होतं. नाही घेतलं. मला तिच्यासारखं व्हायचं नव्हतं.

पास्टरांनी घाईघाईने गाणं सुरू केलं. मी रूथचा हात धरला, बाबांचा हात धरला आणि बाहेर आले. मागून कुणी आलं नाही.

तुम्हाला वाटेल बाबांनी पाठीवरून हात फिरवला असेल. छे. वाटभर ते माझ्याशी बोललेच नाहीत. घरी येऊन जेवले नाहीत. मी भांडी घासत होते तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, तू देवाच्या घरात अपमान केलास. मी विचारलं, कुणाचा? त्यांनी उलट विचारलं, "मग आता मी तिथे काय सांगू? त्यांना माझं दुसरं काय माहीत आहे?"

मला रडू आलं नाही. मला इतका संताप आला की हातातली कढई मी मोरीत आपटली. वीस वर्षांच्या वर झाली, त्या हॉलमध्ये माझा बाप खुर्च्या लावतो, चपला ओळीने ठेवतो, त्यांच्या पोरासाठी उपाशी राहतो. आणि त्याची ओळख काय, तर दारुडा. त्यालाही आता तेवढीच वाटते.

मी म्हटलं, काही सांगायचं नाही बाबा. नुसतं बसायचं. बाकीचे बसतात तसं.

आम्ही मंडळी सोडणार नाही. हॉल आंटीच्या नवऱ्याचा असेल, प्रभू तिच्या नवऱ्याचा नाही. मी रोज गुडघे टेकते, टेकत राहीन, देव सांगेल ते ऐकेन. आंटीचं ऐकणार नाही. रविवारी आम्ही तिघं जाणार आणि पुढच्या रांगेत बसणार. पुकारू दे तिला बाबांचं नाव. आम्ही उठणार नाही.