तीन विमानांच्या कंपनीचा इतिहास

भूकंपानंतर टोकियोजवळच्या ग्योतोकुमधल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद होती. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन धापा टाकत जिना चढत होते. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी माझी पिशवी घेतली, हातात जरा तोलली आणि म्हणाले, साडेबारा किलो. घरी वजन केलं, तर बरोब्बर! अशी आमची ओळख झाली.

आजोबा बोलिव्हियात वाढलेले, आईवडील जपानी. तिकडे एका छोट्या मालवाहू विमान कंपनीत ते मालाच्या वजनाचा तक्ता भरायचे. तीन जुनाट विमानं, आणि माल म्हणजे मांस. खाली सपाटीवर गुरं कापायची, वर डोंगरातल्या शहरात पोचवायची. कंपनी केव्हाच बुडाली. पण तिथल्या एका वैमानिकाच्या मुलीने पत्र पाठवून विचारलं होतं, माझे बाबा कसे होते? तिच्यासाठी आजोबांना सगळा इतिहास लिहायचा होता, आणि टाइप करायला सापडले मी. दोघांचं जपानी सारखंच मोडकंतोडकं, त्यामुळे छान जमलं. रविवारी सकाळी मी पोहे घेऊन जायचे. ते सांगायचे, मी इंग्रजीत लिहायचे. मांसाचं वर्णन ऐकून पोहे मलाच जायचे नाहीत, ते मात्र दोनदा घ्यायचे.

शेवटी एका विमानाच्या अपघाताची गोष्ट आली. त्या मुलीचे वडील त्यात गेले. वैमानिकाची चूक, असं आजोबांनी सांगितलं, मी लिहिलं.

आता माझी नोकरीच सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची. मी सहज विचारलं, त्या दिवशी वजन किती होतं? मग हळूहळू बाहेर आलं. माल रोज तेवढाच, म्हणून तक्ता ते आदल्या दिवशीच भरून ठेवायचे. त्या सकाळी खाटकाने गयावया केली, म्हणून आणखी चार धडं चढवू दिली. तक्ता तसाच राहिला. वैमानिकाने त्यावर विश्वास ठेवून सही केली, आणि विमानाला ते जादा वजन पेललं नाही.

असा राग आला मला! या माणसाला मी पोहे खाऊ घालत होते? मग पाहिलं, तर त्यांनी पोह्यांची बशी न खाताच बाजूला सारली होती, आणि मला त्यांची कीव आली. मी म्हटलं, "आजोबा, राहू द्या. आता कोणाला कळणार आहे?"

"वैमानिकाची चूक, ती ओळ खोड," ते म्हणाले. "तिथे माझं नाव घाल."

मी घातलं. त्यांनी चष्मा लावून एकेक अक्षर तपासलं.

"आता खाली माझा इथला पत्ता लिही. शिव्या कुठे पाठवायच्या, ते तिला कळायला हवं."