आकडा काढून बसवलेलं दार

"आकडा काढल्याशिवाय मी या दाराला हात लावणार नाही. आधीच सांगते."

"अगं, दार लागत नाही म्हणून गाडी आलीय, आणि ज्यात दार अडकतं तेच तू काढून ठेवतेस? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"डोकं आहे. दार नाही. म्हणून तर काढतेय."

एवढं बोलून वहिनीनं गाडीच्या मधल्या खांबावरचे दोन बोल्ट सोडले. दाराची जीभ ज्यात जाऊन अडकते तो लोखंडी आकडा हातात आला, तो तिनं कान तुटलेल्या कपात टाकला. खुर्चीत बसलेल्या नवऱ्यानं कपाळावर हात मारला. शेजारी ड्रायव्हिंग मास्तर उभा होता. गाडी त्याचीच. छपरावर शाळेची पाटी, पुढे-मागे लाल अक्षरं, आणि अंगावर इतके ओरखडे की गाडी मांजरांच्या भांडणातून सोडवून आणलीय असं वाटावं.

"वहिनी, तीनला माझे चार जण परीक्षेला बसायचेत," मास्तर म्हणाला. "साहेब गाडीत बसला आणि दार एका दमात लागलं नाही, तर तो तसाच उतरतो. मागच्या खेपेला उतरला होता. त्यातला एक तर पाचव्यांदा बसतोय. त्याला नापास व्हायला गाडीची मदत लागत नाही हो, पण बाकी तिघांचं काय?"

"हे दार कुणी मोडलं?"

"त्यानंच."

झालं होतं असं. या पाचव्यांदावाल्यानं मागे बघायला दार उघडलं, डोकं बाहेर काढलं आणि गाडी मागे घेतली. दार फाटकाच्या खांबाला अडकलं. गाडी मागे गेली, दार जागेवर राहिलं. कोंबडीचा पंख उलटा पिरगळावा तसं ते पुढच्या पत्र्यावर जाऊन आदळलं. मास्तर शेजारी बसून ओरडत होता आणि तो म्हणे विचारत होता, "सर, आता इंडिकेटर द्यायचा का?"

तीन दिवसांपूर्वी ही गाडी आली तेव्हा वहिनीनंच पत्रा सरळ केला होता, बिजागऱ्यांचे बोल्ट ढिले करून दार वर घेतलं होतं. तरी लावताना दाराचं टोक खाली टेकत होतं. तेव्हा नवरा खुर्चीतून म्हणाला, "आकडा दोन सूत खाली घे. लागेल." आकडा खाली घेतला, दार लागलं, गाडी गेली. आणि काल मास्तर दाराला दोरी बांधून, दोरी मांडीखाली दाबून गाडी परत घेऊन आला.

कालच नवऱ्यानं धाकट्या भावाला फोन लावला. धाकट्याचं वेल्डिंगचं काम होतं, जागा भाड्याची होती, आणि या दुकानावर त्याचा डोळा नव्हता असं त्याची बायकोसुद्धा म्हणणार नाही. ठरलं की सोमवारी तो आपलं सामान घेऊन इथे येईल, दुकान तो बघेल, वहिनी घर बघेल. हे सगळं फोनवर ठरलं, आणि वहिनी तिथेच, चार हातांवर, पत्र्याला पॉलिशपेपर मारत होती. तिनं फोन संपू दिला. मग म्हणाली, "उद्या तीनपर्यंत थांबा. दार बसलं नाही तर किल्ली मी स्वतः भावजींच्या हातात देते. बसलं, तर सोमवारी इथे कुणी यायचं नाही."

नवरा हसला होता. पण नाही म्हणाला नव्हता.

वहिनीचा बाप सुतार. लाकडी दारं-खिडक्या करायचा. घरात मुलगा नाही, तेव्हा बाप चौकटीत स्क्रू पिळत असताना दार तोलून धरायचं काम हिचं. सात-आठ वर्षांची असल्यापासून. दार जरा हललं की बाप वर न बघता म्हणायचा, "दारानं तुला धरलंय की तू दाराला?" हात भरून यायचे, पण दाराचं वजन कुठल्या कोपऱ्यात जातं हे तळहाताला कळायला लागलं. लग्न झालं ते गाड्यांचे पत्रे ठोकणाऱ्या डेंटरशी. पंधरा वर्षं ती दुकानात आली ती डबा घेऊन, आणि डबा घेऊनच गेली. मग चार वर्षांपूर्वी एका गाडीचा मागचा आस उचलताना नवऱ्याच्या पाठीत काहीतरी कटकन मोडलं. डॉक्टरनं सांगितलं, पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. डेंटरला हे सांगणं म्हणजे बैलाला सांगणं की आता तू फक्त शेताकडे बघत बस.

तो बसला. खुर्ची आणली, दुकानाच्या तोंडाशी ठेवली. आणि वहिनीनं आधी पत्रा धरायला, मग खरवडायला, मग ठोकायला सुरुवात केली. सासू म्हणाली, "सून गाडीखाली, पाय बाहेर. येणारा-जाणारा काय म्हणेल?" वहिनी गाडीखालूनच म्हणाली, "म्हणेल, पाय कुणाचेत? तुम्ही सांगा, माझ्या सुनेचेत." सासूनं तो विषय परत काढला नाही. गिऱ्हाइकं मात्र अजून खुर्चीकडे बघूनच बोलायची. काम हिचं, रामराम खुर्चीला.

तर आकडा कपात गेला. वहिनीनं दार अर्धं उघडलं, टोकाला दोन्ही हात खाली घातले आणि हलकेच वर उचललं. वरच्या बिजागरीत 'टक' झालं. सोडलं, परत 'टक'.

ती तशीच वाकून राहिली. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "चूक माझी. त्या दिवशी हे केलंच नाही मी. आकडा जागेवर होता, तो दाराला खालून टेकू देत होता. दार लागलं म्हणून मी समजले की दार बसलं."

"म्हणजे?" मास्तर.

"म्हणजे दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. वरच्या बिजागरीचं भोक लांबोळं झालंय. पिन आत नाचतेय. आकडा खाली घेऊन काय होणार? दार अजून खाली येणार."

हे ऐकून खुर्ची करकरली. कारण 'आकडा खाली घे' हे वीस वर्षं या दुकानाचं औषध होतं. त्यावर दुकान चाललं होतं. नवरा म्हणाला, "पिनेला वेळ नाहीये आता. बिजागरीत लाकडाचा तुकडा घाल, दार बंद करायला गेल्यासारखं दाब. बिजागरी वाकेल, दार वर येईल. अर्ध्या तासाचं काम. मी शंभर दारं केलीत अशी."

"त्यातली किती परत आली?"

"परत येईपर्यंत गाडी विकलेली असते गं."

मास्तर मोठ्यानं हसला, मग ही आपलीच गाडी आहे हे आठवून गप्प झाला.

"वाकवलेलं लोखंड आणि समजावलेला माणूस," वहिनी म्हणाली, "दोन दिवस ऐकतो. तिसऱ्या दिवशी आपल्या जागेवर. मला बिजागरी बदलायचीय."

"आणि आणणार कुठून? झाडाला लागल्यात?"

वहिनी दुकानाच्या मागच्या बाजूला गेली. तिथे पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून एक गाडीचं दार आडवं टाकलेलं होतं. तीन उन्हाळे ते तिथेच होतं. तिनं त्यावरची बादली, साबण आणि झोपलेलं मांजर खाली उतरवलं. दार फिरवून पाहिलं. मास्तरच्या गाडीसारख्याच गाडीचं, पुढचं, उजवीकडचं. वरची बिजागरी अजून दाराला होती. पिन बोटांनी हलवली. हलेना.

"मिळाली," ती म्हणाली.

मिळाली खरी, पण निघायला तयार नव्हती. तीन वर्षांचं पाणी खाऊन बोल्ट आणि पत्रा एकजीव झाले होते. तिनं तेल सोडलं, हातोडीनं बोल्टच्या डोक्यावर ठकठक केलं, परत तेल सोडलं. पान्याला लोखंडी नळी जोडून दांडा लांब केला आणि दारावर एक पाय देऊन ओढलं. पहिला बोल्ट किंचाळत सुटला. दुसऱ्याचं डोकं गोल झालं. पाना नुसता फिरायला लागला.

साडेअकरा झाले होते. तेवढ्यात धाकटा आला. खिशात मोजपट्टी. आल्या आल्या त्यानं भिंतीची लांबी मोजायला घेतली, माझं मशीन इथं, सिलिंडर तिथं, असं पुटपुटत. मग मागे येऊन उभा राहिला.

"वहिनी, सरका. दोन मिनिटांत जाळून काढतो."

"आणि पिनही जाळून काढता. आत काय उरेल, राख?"

"मदत करतोय तर तुमचं आपलं..."

"मदत करायचीय तर त्या मांजराला धरा, ते तेलात पाय घालतंय. आणि मोजपट्टी खिशात ठेवा. अजून तीन वाजले नाहीत."

धाकटा भावाकडे गेला. भावानं खांदे उडवले. वहिनीनं छिन्नी घेतली, बोल्टच्या डोक्याच्या कडेला तिरकी टेकवली आणि एकाच जागी घाव घालायला लागली. दहा, वीस. छिन्नी निसटली, अंगठ्याचं कातडं सोलून गेली. तिनं अंगठा फडक्यात गुंडाळला आणि परत तिथेच टेकवली. मोजत कुणी नव्हतं, पण धाकट्याचा डबा खाऊन झाला तरी आवाज चालूच होता. मग आवाज बदलला. बोल्ट एक केसभर फिरला होता. पुढचं सोपं. अडलेली वस्तू एकदा हलली की ती आपल्याच घाईत असते.

गाडीची जुनी बिजागरी काढण्याआधी तिनं तिच्या कडेनं खांबावर पेन्सिलीनं रेघ ओढून घेतली. जॅकवर लाकूड, लाकडावर घडी केलेलं पोतं, त्यावर दाराचं वजन. जुनी निघाली. नवी, म्हणजे पिंपावरची, बसली. बोल्ट हातानं घट्ट केले, पान्यानं नाही. आता दार वर-खाली, आत-बाहेर जुळवायचं. आणि इथे एक अडचण होती: जॅकजवळ बसलेल्या माणसाला दाराची रेघ दिसत नाही, आणि जिथून रेघ दिसते तिथून जॅकला हात पोचत नाही.

वहिनी खाली बसली. जॅकच्या दांड्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "अहो."

एवढंच. खुर्ची करकरली. मग सरकल्याचा आवाज आला. नवऱ्यानं ती स्वतः ढकलत गाडीच्या मागच्या चाकापाशी आणली, एक डोळा मिटला आणि पुढच्या आणि मागच्या दारावरून जाणारी पत्र्याची घडी एका ओळीत येतेय का ते बघायला लागला.

"वर. अजून वर. अर्धा सूत. आता जास्त झालं बघ, तुझी घाई. खाली. बास. आत घे वरचा कोपरा. फट खालीवर सारखी नाहीये, पुढे चिमटीएवढी, इकडे बोट जातंय."

"आता?"

"आता... थांब." त्यानं दुसरा डोळा मिटून बघितलं. "घट्ट कर."

तिनं घट्ट केले, एक वरचा, एक खालचा, असे आळीपाळीनं. जॅक काढला. दार तिथेच राहिलं, हवेत, कशाच्याही टेकूशिवाय. टोक उचलून पाहिलं. टक नाही. एका बोटानं ढकललं, दार जाऊन चौकटीत बसलं, आणि आकडा नसल्यामुळे तसंच परत बाहेर आलं, पण सरळ रेषेत.

मग मास्तरकडून तिनं शाळेचा एक कोरा फॉर्म मागून घेतला, फाडून पट्ट्या केल्या. दार आणि रबर यांच्यामध्ये पट्टी धरायची, दार दाबायचं, पट्टी ओढायची. वर ओढून निघाली, घट्ट. मागे घट्ट. खालच्या कोपऱ्यात अलगद सुटली.

"चालतंय तेवढं," धाकटा म्हणाला.

"तुमच्यात चालत असेल."

खालची बिजागरी जरा ढिली करून तळाचा कोपरा कागदाच्या जाडीएवढा आत घेतला. परत पट्टी. आता तीही तटतटली. तेव्हा कुठे कपातला आकडा बाहेर आला. बोल्ट अर्धे पिळून तिनं तो सैल ठेवला, दार हळूच लावलं, म्हणजे दाराच्या जिभेनंच आकड्याला आपली जागा दाखवली. मग जपून उघडलं आणि आकडा आवळला.

दोनला दहा कमी होते. ती बाजूला झाली. "मास्तर, लावा दार. तुमच्या त्या पाचव्यांदावाल्यासारखं लावा."

मास्तरनं आधी सभ्य माणसासारखं लावलं. मग दणकन आपटलं. मग उघडं टाकून खांद्यानं ढकललं. मग आत बसून, पट्टा लावून, रागानं ओढलं. वीसेक वेळा. प्रत्येक वेळी एकच आवाज, जाडसर, बुटका. काच खडखडली नाही.

"दोरी?" त्यानं विचारलं.

"दोरीनं त्या पाचव्यांदावाल्याला बांधा," वहिनी म्हणाली. "आणि मागे बघायला आरसा असतो हे त्याला सांगा."

मास्तर गाडीत बसून जाता जाता थांबला, काच खाली केली. सवयीनं खुर्चीकडे बघून बोलायला गेला, पण खुर्ची जागेवर नव्हती. मग इकडेतिकडे बघत शेवटी वहिनीलाच म्हणाला, "माझ्या दुसऱ्या गाडीचं डावं दारही जरा... उद्या आणू?"

"आज आणा. परीक्षा झाली की."

गाडी गेली. धाकटा मोजपट्टी बोटाभोवती गुंडाळत उभा होता. "मग दादा, सोमवारी किती वाजता आणू सामान?"

नवरा खुर्ची परत दुकानाच्या तोंडाशी नेत होता. "सोमवारी नको."

"मग कधी?"

"मला काय विचारतोस? तिला विचार."

धाकटा वळला. वहिनी तोवर कोपऱ्यातल्या जुन्या टॅक्सीपाशी गेली होती. तिचा मागचा दरवाजा काढायचा होता. तिनं गुडघ्यावर दाराचा भार घेतला होता, एका हातात पाना, दुसरा हात पत्र्याखाली, आणि सुटलेले दोन बोल्ट दातांत. तिला बोलता येत नव्हतं. तिनं नुसती मान हलवून धाकट्याला दाखवलं, की ते दुसरं टोक धरा.

त्यानं मोजपट्टी खिशात घातली आणि धरलं.

"वर," ती दातांतून म्हणाली. "अजून वर."