मोदकरावांचं लीकेज

आमच्या घरातले सर्वांत वयोवृद्ध सदस्य साडेसहा वर्षांचे आहेत. (माझी आई अठ्ठ्याहत्तरची आहे, पण गिनीपिगच्या हिशेबात तिला अजून तरुणच धरतात.) नाव मोदक, जात गिनीपिग. पांढराशुभ्र, गोल आणि स्वभावाने आमच्या सोसायटीच्या चेअरमनइतकाच जागचा न हलणारा. माझी लेक जुई नाशिकला शिकायला गेली, तेव्हा जाताना तिने मला मिठी मारली आणि पिंजरा हातात दिला.

"बाबा, तो म्हातारा झालाय. नीट सांभाळाल ना?"

"अगं, चाकणला ट्रकएवढाली मशिनं सांभाळतो मी! हे मूठभर जनावर काय!"

मी तिथल्या कंपनीत मेंटेनन्सला आहे. हे वाक्य मी कुठेही, कसल्याही संदर्भात अभिमानाने सांगतो. तिथेच घोटाळा झाला.

एका रविवारी बायको, संगीता, पिंजऱ्यापाशी ओरडली, "अहो, हा कोथिंबीर खात नाहीये!" मी धावलो. कोथिंबिरीला नाही म्हणणारा मोदक मी आजवर पाहिला नव्हता. तो कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. मागची बाजू ओलीचिंब, केस चिकटलेले, खालची कातडी लालभडक. मी मोबाईलचा टॉर्च मारून चहूबाजूंनी पाहणी केली आणि निदान जाहीर केलं.

"लीकेज आहे."

"अहो, तो प्राणी आहे, पंप नाही!"

"तत्त्व एकच असतं, संगीता."

आता मशीनमधून तेल गळायला लागलं, की आम्ही काय करतो? खाली भुसा टाकतो. (तेल गळतच राहतं, पण दिसत नाही. याला आमच्याकडे तात्पुरती उपाययोजना म्हणतात आणि ती वर्षानुवर्षं चालते.) मी लगेच गाडी काढली, रहाटणीहून थेट चिखली गाठली आणि ओळखीच्या सुताराकडून पोतंभर भुसा आणला. तासाभरात मोदक रव्यात घोळवलेल्या पापलेटासारखा दिसायला लागला. भुसा ओल्या कातडीला असा घट्ट बसला, की कंपनीतला एकही गॅस्केट तसा कधी बसला नसेल!

तेवढ्यात आई आली. ती चाकणजवळच्या गावची. शहरात इतकी वर्षं राहूनही तिने भाषा आणि मतं दोन्ही बदललेली नाहीत.

"आरं इलास, जखमेवर भुसा टाकत्यात व्हय?"

"मग काय करू?"

"तुला न्हाई का म्या वाढवला? तू तर ह्येच्याहून वला असायचास! चार वर्साचा व्हस्तोवर!"

"आई, संगीता आहे इथे."

"आसू दे की. तिलाबी कळाया पायजे."

संगीताला कळलं. तिचा चेहरा उजळला.

आईने बाळाची पावडर मागवली. भुसा, पावडर आणि ओल यांची मस्त कणीक मळली गेली. ती सुटावी म्हणून खोबरेल तेल. तेल आलंच आहे तर हळद! संध्याकाळपर्यंत मोदक मागून हळद लागलेला नवरदेव आणि पुढून लग्न मोडलेला नवरदेव दिसत होता.

आणि नेमका जुईचा व्हिडिओ कॉल! मी कॅमेरा फक्त त्याच्या तोंडावर धरला.

"बाबा, मागची बाजू दाखवा."

"तो लाजतोय गं."

"बाबा!"

संगीताने फोन हिसकावला आणि भुशापासून हळदीपर्यंत सगळं क्रमवार सांगितलं.  पलीकडून हुंदका. मी पिंजरा उचलला, आईही मागोमाग निघाली.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी मोदककडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे पिवळं काय?"

"हळद."

"त्याखाली?"

"पावडर."

"आणि त्याच्याही खाली?"

"...भुसा."

"प्लॅस्टर ऑफ पॅरिस राहिलंच की!"

मग त्यांनी हलक्या हाताने त्याचे मागचे पाय चाचपले. तो बारीक आवाजात कळवळला. "याचे सांधे दुखतात हो. मागचा भाग उचलवत नाही, म्हणून लघवीतच बसून राहतो. कातडी भाजते. अजून उशीर केला असता, तर माश्यांनी जखमेत अंडी घातली असती."

माझी विनोदबुद्धी तिथेच बंद पडली. कंपनीत पोरांवर मी रोज ओरडतो, गळतंय कुठे ते सांगू नका, का गळतंय ते शोधा! आणि घरी मी पोतं घेऊन चिखलीला गेलो होतो.

बाईंनी मूतखड्याची शंका नको म्हणून लघवी तपासली, दुखण्यावर थेंब दिले, मागचे केस कापले. कोमट पाण्याने धुवायचं, घासायचं नाही, अलगद टिपायचं, पूर्ण कोरडं करायचं. त्यांनी दिलेलंच मलम, तेही पातळ. खाली मऊ कापड, ओलं झालं की लगेच बदलायचं. ("आणि आजी, हळद भाजीत!") शिवाय रोज थोडा वेळ पिंजऱ्याबाहेर, मऊ जागेवर.

मऊ कापडासाठी संगीताने दिवाळीला कंपनीतून मिळालेलं माझं कोरं ब्लँकेट कापलं. मऊ जागा मात्र मोदकने स्वतः निवडली : माझी मांडी. मी बातम्या लावायचो, तो चढून बसायचा, डोळे मिटायचा आणि निवांत मोकळा व्हायचा. मी उठायला गेलो की आई दटावायची, "हलू नगंस, निजलाय त्यो!" मग मी तसाच बसायचो. खरं सांगायचं तर आईने दटावलं नसतं, तरी बसलो असतो.

हळूहळू त्याची कातडी गुलाबी झाली, वर बारीक लव आली. एके दिवशी त्याने कोथिंबिरीची अख्खी जुडी देठांसकट संपवली. जुई फोनवर पुन्हा रडली, पण या वेळी हसत.

आणि माझ्या मांड्यांना खाज सुटली.

कातडीचे डॉक्टर वयस्कर, सज्जन गृहस्थ होते. त्यांनी लाल चट्टे पाहिले आणि विचारलं, "कपडे ओले राहतात का?"

"राहतात."

"रोज?"

"हो. साधारण बातम्यांच्या वेळी."

"आधी काही कळतं?"

"नाही हो. एकदम गरम लागतं, तेव्हाच कळतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आवाज मऊ केला. "लाजू नका. वयपरत्वे होतं."

मी खुलासा करायला तोंड उघडलं, तोच शेजारून संगीता म्हणाली, "किती दिवस सांगतेय डॉक्टर, खाली काहीतरी घेऊन बसा म्हणून! ऐकतच नाहीत."

एका म्हाताऱ्या गिनीपिगची झोप मोडू नये म्हणून मी रोज ओला बसून राहतो, हे त्या सज्जन माणसाला सांगायची माझी काही हिंमत झाली नाही. त्यांनी मोठ्यांचे डायपर लिहून दिले. मी मुकाट्याने मान डोलावली. साइज तेवढी मीडियमची लार्ज करून घेतली.