मस्कतला पोचलेली शेवंताबाईंची गाणी

बुद्धजयंती आली की शेवंताबाईंना गाणं सुचायचं. लिहितावाचता येत नव्हतं, पण जुळवलेली ओळ त्या कधी विसरत नसत. त्यांची लेक प्रीती उद्यमनगरातल्या एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला होती. हप्त्यावर घेतलेल्या कॉम्प्युटरवर तिनं माइक लावून आईची गाणी तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून घेतली. २००६ साली घरात ब्रॉडबँड आलं, तेव्हा मस्कतला वेल्डिंगच्या कामावर गेलेल्या भावानं, प्रसेनजीतनं, सगळीच गाणी मागितली.

फाइली मोठ्या, ईमेलनं जाईनात. तिथल्या दोस्तानं सांगितलेलं शेअरिंगचं सॉफ्टवेअर प्रसेनजीतनं तिलाही घ्यायला लावलं. त्यात एकाच्या कॉम्प्युटरवरची फाइल दुसऱ्यानं थेट ओढून घ्यायची. पण भावाला बहिणीच्या फाइलींची यादीच दिसेना. वैतागून तो फोनवर म्हणाला, "ती फायरवॉल बंद करून टाक की."

"न्हाय करणार," प्रीती म्हणाली. "मागं व्हायरसनं समदं पुसून नेलंय. गाणी परत कोण म्हणणार?"

तेव्हापासूनच ती बाहेरच्यांना अडवणाऱ्या या फायरवॉलला जपत होती. पडद्याच्या कोपऱ्यात 'येऊ देऊ का?' अशा प्रश्नाची खिडकी उघडली की न वाचताच 'नाही' दाबायची. रविवारी सकाळी मात्र ती डिक्शनरी घेऊन फायरवॉलची मदतीची पानं वाचायला बसली. शेवंताबाई शेजारी मेथी निवडत होत्या. वाचता वाचता प्रीतीला उमगलं, की नव्या सॉफ्टवेअरलाही तिनं असंच 'नाही' म्हटलं होतं आणि फायरवॉलनं ते कायमचं ध्यानात ठेवलं होतं. तिचं तिलाच हसू आलं.

तिनं फायरवॉलच्या यादीतून तो नकार काढला. बाहेरून येणाऱ्यांसाठी एकच पोर्ट, म्हणजे आत यायचा एकच रस्ता, उघडला, तोही त्या एका सॉफ्टवेअरपुरता. बाकीचे बंदच ठेवले. मग सॉफ्टवेअरमध्ये बघते तर काय, घरचे फोटो, ऑफिसची कागदपत्रं, सगळंच वाटायला मांडलेलं! तिनं ते भराभर काढलं आणि फक्त गाण्यांचं फोल्डर ठेवलं.

थोड्या वेळानं पडद्यावर निळी पट्टी सरकू लागली. शेवंताबाईंनी मेथी बाजूला सारली.

"पोरगा घेतोय व्हय?"

"व्हय. तुझंच गाणं निघालंय."

तेवढ्यात खाली दुसरी पट्टी उमटली. तेच सॉफ्टवेअर वापरणारा हा कुणी अनोळखी होता. प्रीती जरा बिचकली. फोल्डर पुन्हा तपासलं, त्यात गाण्यांशिवाय काही नव्हतं. त्या माणसानं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं: मी नांदेडचा, गाणं कुणाचं? प्रीतीनं आईचं नाव कळवलं. उत्तर आलं, आमच्या विहारात लावू का?

शेवंताबाईंनी पदर सावरला, जणू तो माणूस उंबऱ्यातच उभा होता. "लावा म्हणावं पावण्याला. आन् चाल बिघडवू नका म्हणावं."

रात्री मस्कतहून फोन आला. प्रसेनजीतच्या खोलीतली सगळी मंडळी कामावरून येऊन गोळा झाली होती. त्यानं गाणं लावलं आणि फोन कॉम्प्युटरच्या स्पीकरपाशी धरला. आपलाच आवाज समुद्रापलीकडून ऐकून शेवंताबाईंनी आधी तोंडावर हात ठेवला. कडवं संपायच्या आत त्याही गाऊ लागल्या. पलीकडून दहा-बारा गड्यांनी ध्रुपद उचललं. प्रीतीनं घाईघाईनं माइक ओढला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.