माझं भाषण आणि हमीद मुनशींची परीक्षा

बुऱ्हाणपुरात मूर्खपणाची स्पर्धा भरवा भाऊ, मी नाव नोंदवायच्या आधीच पहिला येईन! हसताय काय? आधी ऐका तर.

नवं राज्य झालं, कचेरीचा कारभार हिंदीत आला, तेव्हाची गोष्ट. मी कचेरीत कारकून, शेजारच्या टेबलावर हमीद मुनशी. वय पन्नाशीपुढचं. उर्दू अक्षर असं की कागद भिंतीवर लावावा, पण नागरीशी ओळख नाही. आणि हुकूम आला, तीन महिन्यांत हिंदीची परीक्षा पास व्हा, नाहीतर घरी बसा. दोन पोरी लग्नाच्या. माणूस हबकलाच.

मी छाती ठोकून सांगितलं, रोज जेवणाच्या सुट्टीत बसू, महिनाभरात फाडफाड वाचाल. घरी गिरवतो म्हणाले, तर मीच अडवलं. उगाच चुकीचं वळण लागेल, माझ्यासमोरच गिरवा!

पहिल्या दिवशी 'क' ते 'ङ' झालं. दुसऱ्या दिवशी माशी शिंकली. शनवारा मोहल्ल्यातल्या वाचनालयात माझं भाषण ठरलं होतं, विषय 'वेळेचं मोल'. सहज विचारलं, मुनशीजी, तुमच्यात याबद्दल काय सांगितलंय हो?

त्यांनी पाटी बाजूला ठेवली आणि काय सुंदर सांगितलं! अल्लाहनं काळाची शपथ घेतलीय म्हणाले. उमर कशात घालवली, याचा जाब प्रत्येकाला द्यायचाय. फुरसत ही मोठी नेमत, म्हणजे देवाची देणगी, पण लोक तिला फुकटची समजतात. मी तर येडाच झालो.

मग रोज तेच, महिने सरले तरी. ते पाटी काढायचे, मी वही काढायचो. पाच नमाजांच्या वेळा कशा ठरतात इथपासून माझे प्रश्न सुरू, वर माझी टकळी वेगळी. मुनशीजी हळूच म्हणायचे, "महाजनजी, आज 'च' हो जाए?" मी म्हणायचो, होईल हो, अजून वेळ आहे. तेवढ्यात सुट्टी संपायची. अदबीचा माणूस, शिकवणाऱ्याला बोलणार कसा?

भाषण गाजलं. पार बुधवारा मोहल्ल्यापर्यंत चर्चा! गळ्यात हार घालून घरी आलो.

पुढच्या आठवड्यात मुनशीजी खंडव्याला परीक्षेला गेले. पेपरावर स्वतःचं नावसुद्धा लिहिता येईना. हमीदचा 'ह' आपल्या वर्णमालेत पार शेवटाकडं, आणि आम्ही 'ङ'च्या पुढं सरकलो होतो कुठं? लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! तीन महिने हो. एका माणसाच्या रोटीचे तीन महिने मी बडबडीत घालवले. अन्न गोड लागेना.

शेवटी मान खाली घालून त्यांच्या घरी गेलो. रागावले नाहीत, उलट चहा पाजला. साहेबांनी आणखी दोन महिने दिलेत म्हणाले. मी त्यांचे हातच धरले. म्हटलं, चुकलो मुनशीजी, या खेपेला एक मिनिट वाया जाणार नाही, उद्यापासूनच बसू.

मुनशीजींनी हात सोडवून घेतले आणि माझ्यापुढं जोडले.

"महाजनजी, एक मेहरबानी करो. इस बार आप मत आओ."

उठलो, चपला घातल्या आणि घरी आलो. दोन महिन्यांनी मुनशीजी पास झाले, एकट्यानं पाटी गिरवून. त्यात माझी मदत किती म्हणाल, तर मी गेलो नाही, तेवढीच.