कोकम सरबत प्यायला आलेला प्रचारक

काल कोरमंगलाच्या सिग्नलला मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे, पांढऱ्या शर्टांतले दोन तरुण प्रचारक दिसले आणि तीस वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. असाच एक अमेरिकन तरुण आमच्याकडे आईनं दिलेलं कोकम सरबत पीत, त्यांच्या पंथाच्या एका जुन्या नेत्याचं आयुष्य सांगत होता. छळामुळे गाव सोडलेला तो नेता, वाटेत लेक गेल्यावर तिला बर्फात पुरून पुढे चालत राहिला.

मी हसलो. "हा कसला बाप!"

तरुणानं पेला खाली ठेवला. "माझी आई गेल्या महिन्यात गेली. मीही प्रचार थांबवून घरी गेलो नाही."

"माफी माग त्याची," आई म्हणाली. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

आता माझी लेक त्याच वयाची आहे, परदेशात एकटी. मी त्याचं नावही विचारलं नव्हतं.