बर्फावर शिंपडलेला सडा

आलं ते असं. काळा जाड कोट एक, जुन्या कपड्यांच्या दुकानातला, वीस डॉलर. बर्फात घालायचे बूट एक जोडी, नवे, एकशे चाळीस डॉलर, म्हणजे आपले आठ हजारांच्या वर. हातमोजे बारा डॉलर. कानटोपी जावयाची, फुकट. माझी लेक वैशाली कॅनडात एडमंटनला असते. इंदूरला येणाऱ्या मैत्रिणीच्या हाती तिने हे खोकं धाडलं, आत चिठ्ठी: "आई, अब तो बहाना नको करू. बाळ दोन महिन्यांचं झालं. ये."

बूट हातात घेऊन ह्यांनी विचारलं, "एवढ्यात एक शेळी आली असती ना?"

"शेळीवर बसून कॅनडाला जाता येत नाही," मी म्हटलं, आणि जायचं ठरलं.

निघण्याआधी इच्छापुरला जाऊन देवीची ओटी भरली, सुखरूप परतण्याचा नवस बोलले. संक्रांत उलटल्यावर बुऱ्हानपूरहून रेल्वेने दिल्ली, शयनयानातच; वातानुकूलित डब्यात वेगळं काय मिळतं, एक चादर! पुढे विमान, मधे एक बदल. ज्या बहिणींना लेकीकडे जायचं आहे त्यांनी एक लक्षात ठेवा: तिकडे उतरल्यावर खाण्याच्या वस्तू कागदावर खऱ्या लिहून द्या. मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, केळ्याचे वेफर, सगळं लिहिलं. तिथल्या बाईने पिशवी उघडली, वास घेतला, हसून बंद केली. दुधाचं तिकडे अडवतात म्हणून तूप आणि मावा जिलेबी मी घरीच ठेवली होती, तेही बरं झालं.

चौथ्या दिवशी वादळ आलं. आपल्याकडच्यासारखा आवाज नाही, गडगडाट नाही. कोणी वरून पिठाची चाळणी हलवतंय असा बर्फ दोन दिवस पडत राहिला. मी खिडकीत बाळाला मांडीवर घेऊन बसले आणि पालिकेचं काम पाहिलं. त्याला एक रीत आहे. पहिल्यांदा मोठे रस्ते, मग बसचे रस्ते, आमच्यासारख्या गल्ल्या सगळ्यात शेवटी. आधी निरोप येतो की अमुक रस्त्यावरच्या गाड्या हलवा. नाही हलवली तर उचलून नेतात आणि दंड. मग पुढे लांब फाळ लावलेली गाडी येते, बर्फ खरवडत कडेला लोटत जाते. तिच्या मागे रस्त्याच्या कडेने शेताला असतो तसा बांध तयार होतो, नेमका आपल्या दारापुढे. तो बांध आपण फोडायचा.

आणि घरासमोरचा फुटपाथ ज्याचं घर त्याने साफ करायचा. भाड्याचं असलं तरी करारात लिहिलेलं असतं. जावई नितीनराव पहाटे उठून तासभर फावडं मारून कामावर गेले. पायऱ्या, वाट, फुटपाथ, फरशी दिसेपर्यंत मोकळं.

चूक झाली ती इथे. आंघोळ करून, देवाला दिवा लावून मी दार उघडलं. झाडलेलं अंगण, उगवतीचं ऊन, आणि सडा नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून बाळंतपणं सोडून माझा सडा चुकलेला नाही. तांब्यात कोमट पाणी घेतलं, चिमूट हळद टाकली आणि पायऱ्यांपासून फुटपाथपर्यंत शिंपडून आत आले. मनाला बरं वाटलं.

पोहे फोडणीला टाकत होते, तेव्हा बाहेर धप्प आवाज झाला. टपालवाली पायरीखाली पडली होती. पत्रं पांगलेली, डावं मनगट छातीशी धरलेलं. पायऱ्यांवर पिवळसर काच चढली होती.

"हाय रब्बा! ये पानी किसने डाला?" ती ओरडली. पंजाबी होती, कुलविंदर नाव.

वैशाली माझ्या मागे येऊन कुजबुजली, "आई, चूप रहा. बर्फच होता म्हण. घरमालकाला कळलं तर..."

देवापुढून उठून दहा मिनिटं झाली नव्हती. मी म्हटलं, "मैंने डाला बेटा. सडा... वो आँगन में छिड़कते हैं ना, वही."

कुलविंदर उजव्या हातावर रेटून उठली. दुखत होतं तरी हसली. "छिड़काव! मेरी बेबे भी पिंड में करती थी, माँ मेरी, गाँव में। पर आंटी जी, वहाँ पानी सूखता है। यहाँ पानी मारता है।"

मग तिने नियम सांगितला. तिला मनगट दाखवायला जावं लागणार होतं, आणि पायऱ्या धोक्याच्या आहेत हे कळवावंच लागणार होतं. वाट सुरक्षित होईपर्यंत ह्या घराला टपाल नाही. ती गेल्यावर वैशालीने फोनमधली तारीख माझ्यापुढे धरली. नितीनरावांच्या कामाच्या परवान्याचं पत्र त्याच आठवड्यात टपालाने यायचं होतं. ते हातात आल्याशिवाय त्यांना नव्या जागी रुजू होता येणार नव्हतं.

"तू पण ना, आई! मला विचारायचं तरी एकदा."

"विचारलं नाही. आता निस्तरते."

गरम पाणी ओतायला निघाले तर तिने हात धरला. मीठ टाकलं, एवढ्या थंडीत मीठही हात टेकतं. शेवटी लांब दांड्याच्या लोखंडी पात्याने टवके काढत ती काच फोडली. दुपार गेली. मग रेती आणायला निघाले. पालिकेने वस्त्यांतून रेतीच्या पेट्या ठेवल्यात. बादली न्या, भरा, कोणी पैसे मागत नाही, नाव विचारत नाही. बदकासारखी पावलं टाकत चालायचं, हात खिशाबाहेर ठेवायचे, हे मी तिथल्या म्हाताऱ्या बायका बघून शिकले. अर्धीच बादली भरा, परतताना जड होते.

रेती हाताने सोडत होते तेव्हा बोटं आपसूक चिमटीत गेली. ठिपक्यांची ओळ पडली. मग म्हटलं, असू दे. पायरीपायरीला ठिपके, वाटेवर दोन उभ्या ओळी, आणि दारापाशी गोपद्म काढलं. पुढे टपाल जातं त्या शेजारच्या दोन घरांच्या पायऱ्यांवरही टाकली. शेजारीण काचेतून बघत होती. दुसऱ्या दिवशी तिने आपली बादली माझ्यापुढे ठेवली.

रोज सकाळी हाच माझा सडा झाला. नितीनराव बर्फ काढायचे, मी रेतीची चिमूट सोडायची. वैशालीने पायऱ्यांचे फोटो काढून टपालखात्याला पाठवले. सहाव्या दिवशी कुलविंदरच्या जागी एक उंच गोरा माणूस आला. ठिपके पाहून थबकला, बूट घासून पाहिला, अंगठा दाखवला. परवान्याचं पत्र त्याच्याच हातून आलं. वैशालीने मला मिठी मारली, पण मी त्याच्या पिशवीकडे बघत होते. कुलविंदरचं विचारलं तर त्याने मनगटाला प्लास्टर असल्याची खूण केली. तिच्यासाठी दशम्यांचं पुडकं दिलं, तर हात हलवून नाही म्हणाला. नियम. मी निघेपर्यंत ती कामावर आली नाही.

चैत्राआधी घरी आले. इच्छापुरला नवस फेडला. सडा टाकते, पण आता सूर्य वर आल्यावर, आणि आधी गल्लीत कोण येतंय ते पाहून. त्या देशात मला हे फार आवडलं: तुमच्या दारासमोरून जो जाईल, त्याचं पाऊल तुमच्या जिम्मे. हे ऐकून हे म्हणतात, "आठ हजार वसूल झाले म्हणायचे."

बूट पेटीत आहेत. वसुलीचं अजून ठरायचं आहे. काल डाकघरात जाऊन एक पत्र टाकलं. पत्ता वैशालीच्या घराचा, नाव मात्र दुसरं: "कुलविंदर, ह्या घराला टपाल देणारी." ती कामावर परत आली असेल तर ते कोणी पोचवायची गरज नाही, तिच्याच हातात पडेल. आत हिंदीत लिहिलंय, आपल्या बोलीत ते असं:

बेटा, पायऱ्यांवर रेती आहे, वैशाली रोज टाकते. मनगट सरळ झालं का, पिशवी उचलवते का, दोन ओळी लिहून उलट टपाली कळव. डाव्या हाताने लिहिलंस तर मला जास्त आनंद होईल.